शून्य बिल आणि तारेचा खर्च

गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीजबिल जवळपास शून्यावर आणलेल्यांपैकी मी एक. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर शेजारीपाजारी चौकशीला येतात. "जरूर बसवा," असंच मी सांगतो. पण त्यासोबत आणखी जे सांगतो, ते इथे लिहितो आहे.

आमच्या बंगल्यांच्या मागे दोन-दोन खोल्यांची बैठी घरं आहेत. डीपी एकच. तिथल्या एक मावशी बिल घेऊन आल्या. "तुम्हाला काहीच येत नाही, मग आमचंच का वाढतं?" दोन्ही बिलं शेजारी ठेवली. दोघांचीही सिंगल फेज जोडणी, त्यामुळे स्थिर आकार सारखाच. फरक त्याखालच्या ओळींत होता. वीज आकार युनिटवर, आणि तारा, खांब, डीपी यांच्यासाठीचा वहन आकारही युनिटवरच. नेट मीटरिंगमुळे माझी दुपारची वीज ग्रीडमध्ये जाते, रात्री तेवढीच मी परत घेतो. निव्वळ युनिट शून्य, म्हणून वहन आकारही शून्य. रात्री माझा एसी मात्र त्याच डीपीवर चालतो. तो खर्च कुणाकडून तरी वसूल होणारच. मावशींना हे समजावताना जीव अवघडला.

पण म्हणून सौर ग्राहकाला चोर ठरवू नये. दुपारी माझी जास्तीची वीज मागच्याच घरांत वापरली जाते, लांबून आणताना होणारी गळती वाचते. त्याचंही मोल धरलंच पाहिजे. फक्त संध्याकाळी, भार चढतो तेव्हा, माझी पॅनेल काही कामाची नसतात.

यावर सरसकट स्थिर आकार वाढवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला तो झेपत नाही, आणि काटकसरीलाही अर्थ उरत नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रदेशाने 2023 पासून ग्रीडचा बराचसा खर्च ग्राहकाच्या दर महिन्यातल्या सर्वाधिक भाराच्या पंधरा मिनिटांवर बेतला. दिशा मला पटते. मात्र तिथे किमान अडीच किलोवॅट धरतात. आपल्याकडे तसं केलं तर पंखा-दिव्यांच्या घरावर अन्याय होईल. भार मोजायचाच तर संध्याकाळचा मोजावा, आणि छोट्या घरांना वगळावं.

दुसरी गोष्ट, नियम बदलायचेच तर मागच्या तारखेने नकोत. अमेरिकेतल्या नेवाडात 2015 च्या अखेरीस जुन्या सौर ग्राहकांवरही नवे दर लादले. बसवणाऱ्या कंपन्या निघून गेल्या, आणि 2017 मध्ये कायदा करून माघार घ्यावी लागली. स्पेननेही 2015 मध्ये आणलेला 'सूर्यकर' 2018 मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात नेट मीटरिंग बदलू पाहणाऱ्या 2019 च्या मसुद्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि नेट मीटरिंग टिकलं. पण ते कायमचं आहे असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

पॅनेल बसवणाऱ्याला दोन हिशेब मागा: एक आजच्या नियमाने, दुसरा ग्रीडला दिलेल्या युनिटला तुमच्या दराचा तिसरा हिस्साच मिळेल असं धरून. दुसऱ्या हिशेबातही हप्ता निघत असेल, तर निर्धास्त बसवा. क्षमता दिवसाच्या वापराच्या आसपास ठेवा. पाण्याची मोटर, धुण्याचं मशीन, इस्त्री दुपारी उरकून घ्या. घरगुती ग्राहकाची युनिटं वेळेच्या गटांनुसार वळती करायचं उद्या ठरलं, तर दुपारच्या स्वस्त युनिटाने रात्रीचं महाग युनिट भागणार नाही. तेव्हा ही सवयच उपयोगी पडेल.

वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्यासाठी वकील लागत नाही. दरांचा प्रस्ताव जाहीर झाला की आपलं बिल जोडून लेखी हरकत नोंदवा, आणि ज्याच्या घरावर पॅनेल नाही त्या शेजाऱ्यालाही नोंदवायला मदत करा.