संकटकाळची पिशवी

कोलकाता शहर हुगळी नदीच्या पूर्व काठावर वसलेले आहे. समुद्र येथून दूर असला, तरी भरतीचे पाणी नदीतून शहरापर्यंत पोहोचते आणि बंगालच्या उपसागरावर उठणारी वादळेही पोहोचतात. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने शहराची व बंदराची एवढी हानी केली की, दुसऱ्याच वर्षी बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था करण्यात आली. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, त्यामागेही हा अनुभव होता. आज इशारा काही दिवस आधी मिळतो. मात्र त्या अवधीत माणसाने हाताशी काय ठेवावे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

२० मे २०२० रोजी आलेल्या अंफान वादळाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्या संध्याकाळी कोलकात्यात वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटरपर्यंत गेला आणि हजारो झाडे उन्मळून पडली. तारा तुटल्यामुळे अनेक वस्त्यांत कित्येक दिवस वीज आली नाही. वीज नाही म्हणून पंप चालेना. पंप चालेना म्हणून गच्चीवरील टाकीत पाणी चढेना. भ्रमणध्वनीही मुके झाले. घर शाबूत असूनही माणूस असहाय झाला, तो असा. संकटकाळची पिशवी म्हणजे या साखळीतील प्रत्येक कडी तुटेल असे गृहीत धरून केलेली सोय होय.

पहिला विचार वजनाचा करावा. पिण्यासाठी व अन्नासाठी मिळून माणसाला दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी लागते. तीन दिवसांचे पाणी म्हणजे नऊ किलो. एवढे ओझे घेऊन गुडघाभर पाण्यातून चालणे कठीण. म्हणून पिशवीत दोन लिटर पाणी आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. उरलेला साठा घरातच झाकणाच्या भांड्यांत भरून ठेवावा. पिशवी भरल्यावर ती पाठीवर घेऊन एकदा जिना चढून-उतरून पाहावा. मध्ये थांबावे लागले, तर पिशवी जड झाली असे समजावे.

अन्न न शिजवता खाता येईल असेच हवे. बंगालमध्ये पूरग्रस्तांना पोहे आणि गूळ वाटण्याची जुनी पद्धत आहे. त्यामागे व्यवहारज्ञान आहे. पोहे हलके असतात, कोरडे राहिल्यास टिकतात आणि थंड पाण्यातही भिजतात. जोडीला कुरमुरे, फुटाणे व बिस्किटे पुरेत.

औषधांमध्ये क्षारसंजीवनीच्या पुड्यांना अग्रस्थान द्यावे. पुरानंतर दूषित पाण्यामुळे अतिसार पसरतो, आणि शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे रोगी दगावतो. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग अवलंबिला. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. पुडी हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. नित्याची औषधे आठवडाभर पुरतील एवढी घ्यावीत. इन्सुलिनसारखी थंड ठेवावयाची औषधे पिशवीत कायम ठेवता येत नाहीत; त्यांची आठवण देणारी चिठ्ठी पिशवीच्या तोंडाशीच असावी.

याशिवाय विजेरी व जादा सेल, सेलवर चालणारा रेडिओ, शिट्टी, दोरी, रेनकोट, रबरी तळाची पादत्राणे व एक कोरडा पोशाख असावा. शिधापत्रिका, आधारपत्र व बँकेचे पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात. आप्तांचे दूरध्वनी क्रमांक व ११२ हा आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. पैसे लहान नोटांमध्ये ठेवावेत. दूरसंचार बंद पडला की भ्रमणध्वनीवरून पैसे देता येत नाहीत.

पिशवी तयार आहे म्हणून घाईने बाहेर पडू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडून कोलकाता जलमय झाले, तेव्हा झालेले बहुतेक मृत्यू बुडून नव्हे, तर साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून झाले. विजेचा खांब, लोंबणारी तार किंवा दुकानाचे लोखंडी दार यांजवळील पाण्यात पाऊल टाकू नये. घर सुरक्षित असेल तर वरच्या मजल्यावर थांबणे श्रेयस्कर; तेथेही ही पिशवी तितकीच उपयोगी पडते. घर सोडावयाचेच असल्यास वेळीच, पाणी चढण्यापूर्वी सोडावे.

शेवटची गोष्ट नियमाची. उपसागरावरील वादळांचे मुख्य काळ दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगाली व्यापारी पहिल्या वैशाखाला नवी वही उघडतो. त्याच दिवशी पिशवीही उघडावी, आणि पुन्हा दुर्गापूजेच्या आधी महालयेला. पाणी बदलावे, शिळे पोहे संपवून नवे भरावेत, औषधांवरील मुदत पाहावी, विजेरी लावून पाहावी. भरून विसरलेली पिशवी संकटाच्या रात्री ओझेच ठरते.