राज्यविस्तार : संगणकावरचा आणि सह्याद्रीतला

आमच्या कोन गावाच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आहे आणि पूर्वेस प्रबळगड. हे डोंगर मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्यांच्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहण्यास मला संगणकावरच्या एका खेळाने शिकवले, असे म्हटल्यास आमचे प्राध्यापक कदाचित हसतील. म्हणून प्रथम त्या खेळाविषयी थोडेसे.

सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली निघाला. आरंभी खेळाडूच्या हाती वसाहत करणारी माणसे असतात. त्यांच्याकडून पहिले नगर वसवायचे, त्या नगरातून नवे वसाहतकरी बाहेर पाठवायचे आणि शेजाऱ्याने जमीन व्यापण्यापूर्वी आपण ती व्यापायची. मात्र राजधानीपासून नगर जितके दूर, तितकी तेथील व्यापारी उत्पन्नाला भ्रष्टाचाराची गळती अधिक. आरंभीचा अंमल निरंकुश सत्तेचा असतो. त्यात चांगल्या जमिनीचे उत्पन्नही पुरते पदरात पडत नाही. लिपी, कायदा, धर्मविधी या विद्या संपादन केल्या की राजेशाही स्वीकारता येते, पण मध्ये काही काळ अराजक सोसावे लागते.

मी अर्थातच घाई केली. भराभर नऊ नगरे वसवली. प्रत्येक ठिकाणी पहाऱ्याला एकच तुकडी ठेवली आणि राज्यपद्धतीचा विचार पुढे ढकलला. शेजारच्या राजाने एकामागून एक पाच नगरे घेतली. उरलेल्या चारांत राज्य सावरण्याचे बळ नव्हते. मी खेळ बंद केला. त्याच आठवड्यात वर्गात पुरंदरचा तह शिकवला गेला आणि मी चपापलो.

जून १६६५ च्या त्या तहात शिवाजी महाराजांनी पस्तीसपैकी तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना दिला. स्वतःकडे बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख राहिला. दिलेल्या किल्ल्यांत आमचा कर्नाळा होता, माणिकगड होता आणि मुरंजन, म्हणजेच प्रबळगडही होता. खेळाच्या हिशेबाने हा डाव संपला होता. इतिहासात तो संपला नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर मला आरंभीच्या वर्षांत सापडते. तोरणा हाती आल्यानंतर महाराजांनी राजगड बांधून राजधानी केली. १६४८ साली शहाजीराजे कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कोंढाणा परत दिला. त्यानंतर १६५६ साली जावळी घेईपर्यंत मोठी झेप दिसत नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन ते कोकणात उतरले. मधली वर्षे वाया गेली नव्हती. मावळ खोऱ्यांतील देशमुख जोडणे, गावे पुन्हा वसवणे, न्यायनिवाडे करणे हे काम चालू होते. १६७४ साली अष्टप्रधान मंडळाला पूर्ण रूप आले; परंतु पेशवे, मुजुमदार ही पदे राज्याच्या बाल्यावस्थेपासूनच होती.

सभासदाच्या बखरीत किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अंमलदार असत. कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातला हेतू. अंमलदारांना जहागिरी तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण होते. माझ्या नऊ नगरांना राजधानीशी बांधणारे असे काहीच नव्हते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १६६६ साली झाली. महाराज आग्र्यास कैदेत असताना जिजाबाई आणि कारभारी मंडळींनी राज्य चालते ठेवले. परतल्यावर काही काळ मोगलांशी सलोखा राखून महाराजांनी घडी नीट बसवली आणि १६७० साली सिंहगड, पुरंदर, कर्नाळा असे किल्ले पुन्हा घेतले. दख्खनमधील मोगल सरदारांची आपापसांतली दुही त्यांच्या पथ्यावर पडली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण शत्रूच्या दुहीचा फायदा घेण्यासाठी आपले घर आधी एकसंध असावे लागते.

आरंभी विस्तार करावाच, या मताचा मी आजही आहे. कारण न घेतलेली जमीन दुसरा घेतो. मात्र पुढचे ठाणे घेण्यापूर्वी मागच्या ठाण्याचा हिशेब कोण ठेवतो, पगार कोठून येतो आणि राजा नसताना हुकूम कोणाचा चालतो, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार हवीत. खेळात नगरांची संख्या पडद्यावर दिसते. राज्याचे हे बळ तसे मोजता येत नाही. किल्ले हातचे गेल्यावरच ते कळते.

सुट्टीत पुन्हा डाव मांडला. या वेळी चार नगरांवर थांबलो आणि आधी राजेशाही आणली. अद्याप तरी राज्य टिकून आहे!