‘फिजिकल डॅमेज’ वॉरंटीत बसत नाही

हँडलला पाइप लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाईस फुटला म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी हाच प्रश्न येतो, आणि विकणाऱ्याकडे तर तेच उत्तर तयार असतं. हँडल हातानेच आवळलं होतं, तेही आमच्या जुन्या फिटरने. या कामात त्यांचे केस पिकलेत. जबड्यात एका पंपाचा ब्रॅकेट होता, कानस मारायला घेतलेला. हातोडा नाही, छिन्नी नाही. ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढचा जबडा मानेतून तुटून त्यांच्या बुटाशेजारी पडला. सहा इंची वाईसचा जबडा पायावर पडला तर काय होतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता दुसरा प्रश्न. कोल्हापुरात, तेही उद्यमनगरात बसून बाहेरदेशचं ओतकाम विकत घेतलंस कशाला? हा प्रश्न मला चहाच्या गाड्यावर फार जणांनी विचारला. विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या शेडमधला ड्रिल चक आणि ग्राइंडर कुठून आलाय ते बघावं. मला हवा असलेला देशी सहा इंची त्या वेळी इथल्या दुकानांत नव्हता, काम अडलं होतं आणि हा तयार होता. वर हजारभर रुपये जास्तच मोजले होते. स्वस्ताच्या मागे लागून फसलो, असं म्हणायची सोय मी कुणाला ठेवलेली नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जर्मन टेक्नॉलॉजी’. आयात करणाऱ्याचं नाव आणि ‘कंट्री ऑफ ओरिजिन : चायना’ हे खालच्या बाजूच्या स्टिकरवर. तेही मी वाचलं होतं. चीनचं नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पैसे मोजले तर तिथून उत्तम ओतकाम येतं, आणि दर पाडून मागितलं तर तसलंही येतं. राग आहे तो त्या दोन शब्दांचा. जर्मनीत हॉयर नावाची कंपनी वाईसचं अंग घडाईच्या पोलादाचं बनवते, ती झाली जर्मन टेक्नॉलॉजी. बिडाच्या ओतीव वाईसवर तसला शिक्का मारण्यात टेक्नॉलॉजी एकच, छापखान्याची.

तुटलेला तुकडा उचलून फिटर उजेडात घेऊन गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक, भेगंत रंग कसा गेला ओ?”

मी बघितलं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग ताजा होता, राखाडी, दाणेदार, चमकणारा. उरलेला काळपट, जुना, आणि त्याच्या कडेने आत उतरलेला निळा रंग. बाहेर जो रंग मारलाय, तोच. ताज्या भेगेत कारखान्याचा रंग जात नाही. म्हणजे हा वाईस रंगवायच्या आधीच चिरलेला होता. स्क्रूड्रायव्हरने मानेचा कोपरा खरवडला तर रंगाखाली पुट्टीचा थर निघाला आणि पुट्टीखाली काडेपेटीतली काडी जाईल एवढी पोकळी. जाड भाग आणि पातळ भाग जिथे जुळतात तिथे रस थिजताना आकसतो. कोपऱ्याला गोलाई नीट दिली नाही, रायझर कमी पडला, की तिथेच पोकळी धरते नाहीतर चीर पडते. हे उद्यमनगरातलं शेंबडं पोरही सांगेल. तशी पोकळी आमच्या फाउंड्रीतही पडते, नाही असं नाही. पण इथे तो पीस भट्टीत परत जातो, निदान जायला हवा. कुणीतरी ती चीर बघितली होती, पुट्टी कालवली होती, बोटाने दाबून भरली होती आणि वरून निळा मारला होता. तेव्हापासून मला राग फुटण्याचा नाही, त्या बोटाचा आहे.

आता डीलर. विकताना हा माणूस ‘साहेब, साहेब’ करत होता. फोटो पाठवल्यावर पहिलं उत्तर आलं, ‘सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही.’ मी विचारलं, लोखंडी वाईसला फिजिकल सोडून दुसरं कुठलं डॅमेज होतं? त्यावर अंगठ्याचं चित्र आलं. भेगेतल्या रंगाचा जवळून काढलेला फोटो पाठवला, तर म्हणाला, फोटोत नीट दिसत नाही. तुकडा घेऊन येतो म्हटलं, तर साहेब बाहेरगावी. शेवटी फोनवर सापडला तेव्हा आवाज चढवून, “तुमच्याकडची माणसं पाइप लावतातच हो, आम्हाला काय माहीत नाही?” फोन स्पीकरवर होता आणि फिटर समोर उभे होते. ज्याने आयुष्यात अप्रेंटिस पोरांच्या हातातले पाइप काढून फेकले, त्याला हे ऐकावं लागलं. पैशांचं नंतर बघता आलं असतं, पण या वाक्यानंतर मी लेखी नोटीस पाठवली.

नोटिशीवर त्याने कायदा काढला. बिल जीएसटी नंबरावर आहे, म्हणजे खरेदी धंद्यासाठी, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहितो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच जो वस्तू घेऊन वापरतो, तो ग्राहकच धरला जातो, असा खुलासा त्याच व्याख्येत आहे. लहान वर्कशॉपवाल्याने हा खुलासा दाखवावा. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, डीलरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 1915. हे त्याला लिहून कळवल्यावर गोड फोन आला, “अर्ध्यात मिटवून टाकू.” म्हटलं, माल सदोष होता एवढं लिहून दे आणि मग अर्ध्याचं बोल. तेव्हापासून फोन बंद. प्रकरण सोडलेलं नाही.

आता घेणाऱ्यांसाठी. बिल घ्या, खोकं जपून ठेवा, वगैरे सगळे सांगतातच. मी म्हणेन, आयातदाराच्या पत्त्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण खोकं पावसाळ्यात गळतं आणि स्टिकर आधी जातं. आयात मालावर तो पत्ता छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नसेल तर तो वाईस उचलूच नका.

धातू कुठला ते विचारा. साधं बीड दाबाला वाघ असतं, ताणाला कच्चं. वाईस आवळला की मानेच्या आतल्या बाजूला ताणच पडतो. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या होतात, म्हणून ते तुटायच्या आधी थोडं वाकतं. बीड एफजी 200 असेल तर ताकद दर चौरस मिलिमीटरला 200 न्यूटन, एसजी 500/7 असेल तर 500. दुकानदाराला ग्रेड माहीत नसेल तर पुढचा जबडा बाहेर काढून, लटकता धरून हातोडीने हलकेच वाजवा. एसजी घंटेसारखं घुमतं, बीड लवकर बसतं, आणि चिरलेला तुकडा बद्द वाजतो. मी हे दुकानात केलं असतं तर? दुकानात वाजवू देतात का कुणी, हे आधी सांगा. आता मात्र मी मागतो.

पण नुसतं एसजी-एसजी करू नका. शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीचे जुने निळे वाईस बिडाचेच, आणि आमच्या गल्लीत त्यातला एक अजून रोज काम करतो. आकार भरदार, ओतकाम निर्दोष, नट-स्क्रू नीट. आपल्याकडचे कितीतरी कारखाने तोच निळा रंग मारतात, तेव्हा रंगावर तर अजिबात जाऊ नका. रंगाखाली बघा. मानेचे कोपरे नखाने आणि किल्लीच्या टोकाने खरवडा. गुळगुळीत, फुगीर, पोकळ लागलं की पुट्टी समजा.

देशी म्हणजे सोनं, असंही नाही. बदली म्हणून मी जालंधरचा एसजी वाईस घेतला. अंग दणकट, पण जबड्याच्या प्लेटचे स्क्रू ढिले, स्लाइड खरखरीत, कानशीने मीच साफ केली. विदेशी माल दिसायला सुबक होता, हे मान्य. फरक एवढाच की देशी मालाला प्लेट मागितली, नट मागितला, तर मिळतो. त्या दुसऱ्याला काय, ‘अख्खाच नवा घ्या सर.’ बेंच वाईससाठी आयएस 2586 हे भारतीय मानक आहे. ते पाळलंय का, असा प्रश्न दुकानात विचारा, निदान विकणारा गडबडतो.

वापराचं थोडं. ठोकायचं तर स्थिर जबड्याच्या दिशेने. जॉब एकाच टोकाला धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला. उभा लांब जॉब खाली जाईल इतका स्थिर जबडा टेबलाच्या कडेबाहेर ठेवा. बाकी तेल-ग्रीस तुम्हाला माहीत आहे.

विकत घ्यायला जाताना खिशात फिलर गेज आणि पातळ कागदाच्या चार पट्ट्या न्या. जबड्याच्या चारी कोपऱ्यांवर पट्ट्या धरून वाईस मिटवा आणि एकेक ओढा. एखादी सहज निसटली तर तिथे फिलर घाला. आवळताना पुढचा जबडा वर उचलतो का ते बघा. दुकानदार हे करू देत नसेल, तर वॉरंटी पाच वर्षांची असो की पन्नास, पुढच्या दुकानात जा.