आधी विचारा, मग मदत करा
आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत होती, तरी प्रभू येशूने त्याला आधी विचारले (मार्क १०:५१). पाड्यावर काम करताना हा धडा मला रोज उपयोगी पडतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा स्वतःच लिहून अंगठा घेणे कार्यकर्त्याला सोपे जाते. पण दावा फेटाळला, तर कुटुंबाला कारणच समजत नाही. अपिलाची ६० दिवसांची मुदत निघून जाते आणि कसती जमीन धोक्यात येते.

म्हणून मी अर्ज ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवते. एका पुराव्यावर भागत नाही. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो, हे समजावते. निर्णय मात्र त्यांचाच. आपण सोबत चालावे, पुढे नव्हे.