आकड्याला आधी गाव विचार

लेकरा, लातूरच्या एमआरआय सेंटरवर लागलास, बरं झालं. आता नांदेडला स्कॅन काढलेला पेशंट सहा महिन्यांनी तुझ्यापुढं बसून विचारणार, "माझा आकडा कमी कसा झाला?" त्याआधी एवढं ऐकून ठेव.

१. डिफ्युजनचा आकडा दिसला की आधी त्याचं गाव विचार — मशीन दीड टेस्लाचं की तीनचं, बी-व्हॅल्यू ८०० की १०००, हे न बघता नांदेडचा एफए (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेनं, तो आकडा) लातूरच्या एफएशेजारी मांडणं म्हणजे एकच तूर दोन मोंढ्यांतल्या काट्यांवर तोलून आडत्याशी भांडणं.

२. फॉलोअपचा पेशंट जमेल तेव्हा पहिल्याच मशीनवर पाठव, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे — दोन मशीनमधला फरक मेंदूचा की लोखंडाचा, हे सांगता येत नाही.

३. लकव्याच्या पेशंटपुढं मात्र हे शहाणपण नको — ताजा इन्फार्क्ट डिफ्युजनवर पांढरा आणि एडीसीवर (पाणी किती मोकळं हलतं, त्या नकाशावर) काळा, नांदेडलाही तसाच दिसतो आणि लातूरलाही; तिथं मिनिटं मोजायची.

४. अधूनमधून पाण्याची बाटली स्कॅन कर, पण बर्फाच्या चुऱ्यात तासभर ठेवून — शून्य अंशाला पाण्याचा एडीसी कुठल्याही गावात सुमारे १.१ यायला हवा. नुसत्या पाण्यावर भागवशील तर २० अंशाला तेच पाणी २.० दाखवतं आणि २५ ला २.३. आपल्याकडं मे महिन्यात एसी दमला की पाच अंश असेच चढतात, अन् तू उगाच इंजिनिअरला फोन लावत बसशील. बर्फ वाचवला, आकडा वितळला!

५. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज नीट खोच आणि खडखडाटाची कल्पना आधीच दे — दचकलेल्या पेशंटचा एफए कुणाच्याच कामाचा नसतो.

६. सॉफ्टवेअर अपडेट झालं की रजिस्टरात तारीख टाक आणि त्याच दिवशी बाटली पुन्हा घाल — मशीन दिसतं तेच, मोजतं वेगळं.

७. फिल्म देऊन मोकळा होऊ नकोस, सीडीवर मूळ डायकॉम सगळं दे — पुढच्याला हिशोब नव्यानं करता येतो.

८. दोन्ही गावांचे आकडे एकत्र करून संशोधन करणारा डॉक्टर आला तर विचार, काही धडधाकट माणसं दोन्ही मशीनवर स्कॅन केलीत का — नसतील तर डिफ्युजनसाठी २०१७ पासून कॉम्बॅट नावाचं गणित वापरतात, ते मशीनचा फरक बराचसा काढतं. पण सगळे आजारी नांदेडचे आणि सगळे निरोगी लातूरचे असतील, तर तेही हात टेकतं. अशा डॉक्टरला चहा पाज, आणि दोन्हीकडून दोन्ही तऱ्हेची माणसं घ्यायला सांग.