महापुराआधी गावानं करायची कामं

पंचगंगा-कृष्णाकाठच्या गावांनी 2005, 2019 आणि 2021 असे महापूर पाहिले. 2019 ला पुष्कळ घरं वेळेत हलली नाहीत. ‘2005 ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं’ हा त्यांचा भरवसा होता. तो भरवसा त्या ऑगस्टमध्ये वाहून गेला. म्हणून ही सगळी तयारी मृग निघायच्या आत उरकायची.

सुरुवात खुणांपासून करा. दोन जाणती माणसं, चार पोरं आणि तेलरंगाचा डबा घेऊन गावभर फिरा. विजेचा खांब, देवळाची भिंत, शाळेचा कोपरा, जिथं जिथं पाणी टेकलं होतं तिथं रेघ ओढून वर्ष लिहा. मग त्या रेघा नदीच्या फुटांशी जोडा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ तेच आकडे 40 आणि 45. हे आकडे पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात, पण 43 फूट म्हणजे आपल्या गावात कुठवर, हे ठरलेलं नसतं. ते ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा: किती फुटांना ओढ्यावरचा पूल बुडतो, किती फुटांना खालची आळी. पुष्कळदा घरात पाणी शिरण्याआधी रस्ता बंद होतो. त्यामुळे निघायची वेळ रस्त्यावरून ठरवायची, उंबऱ्यावरून नाही.

दुसरं काम यादीचं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना घरोघरची माहिती असते. गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं माणूस, डायलिसिसवर असलेला रुग्ण, एकट्या राहणाऱ्या आजी, प्रत्येकापुढं दोन तरुणांची नावं आणि एक गाडी लिहा. यादी कागदावरच हवी, कारण मोबाइल तिसऱ्या दिवशी बंद पडतो.

आता जनावरं. माणसं का हलत नाहीत, याचं खरं उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात सापडतं. दारात दोन म्हशी बांधलेल्या असताना घरधनी बोटीत बसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून इशारा पातळी येताच आधी जनावरं काढा, माणसं हसली तरी चालेल. पावसात, अंधारात गाभण म्हैस ट्रॉलीत चढत नाही. ती पाय रोवून उभी राहते आणि चौघं ओढून दमतात. ट्रॉलीची मागची फळी उंच बांधाला भिडवून लावा, फळीवर पोतं टाका, म्हणजे खूर घसरत नाही आणि जनावर सपाटीवरून चालत आत जातं. हे एकदा उन्हाळ्यात करून बघा. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवा. वरच्या अंगाच्या गावाशी जागेचं आधीच बोला, तिथं वाळली वैरण पोचवा. अगदीच वेळ निघून गेली तर दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर मागं ठेवू नका.

बोट असेल तर तिच्यावर किती माणसं बसायची तो आकडा ठळक रंगवा. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि बायका-पोरांचे जीव गेले. चढायच्या जागी मोजायला एक खमका माणूस उभा करा. जॅकेट घातल्याशिवाय कुणी बोटीत पाय ठेवायचा नाही, सरपंचानंही नाही.

बाकीची कामं थोडक्यात. डीपी कधी बंद करायची ते वायरमनशी ठरवा. सातबारा, रेशनकार्ड, आधार प्लास्टिकच्या पिशवीत घाला. देवळावरचा भोंगा बॅटरीवर चालतो का ते तपासा. निवाऱ्याच्या शाळेत बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं शौचालय हवंच. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर भिंतीवर लिहा.

पाणी ओसरल्यावर घाई नको. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नका, अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, पाणी उकळूनच प्या. चिखलात उतरताना गमबूट घाला. पायाला जखम असेल आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा अंगावर काढायचा आजार नव्हे.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि रंगाचा डबा कोण आणणार त्याचं नाव तिथंच लिहून घ्या.