नफा, निसर्ग आणि आपली जबाबदारी



शाळेला संगणक दिले, दवाखान्याला रुग्णवाहिका दिली, रस्त्याकडेला झाडे लावली आणि शेजारी कंपनीच्या नावाची पाटी! 'सीएसआर' म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. हे काम चांगलेच आहे. पण कंपनीची जबाबदारी तेवढ्यावर संपते का? आपल्यापैकी कित्येकजण कंपन्यांत नोकरी करतात, काहींचे स्वतःचे छोटे कारखाने आहेत. म्हणून हा विषय समजून घेऊ या.

१. कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे त्यात ठरले. पर्यावरणरक्षणही त्या कामांच्या यादीत आहे. मात्र अन्य कायद्याने बंधनकारक असलेले काम या खर्चात धरता येणार नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले. म्हणजेच स्वतःच्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे हे समाजकार्य नव्हे, ते कर्तव्य आहे. ते टाळायचे आणि गावात झाडे लावायची, हा हिशेब जुळत नाही.

२. नदीचा हिशेब

तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांनी देशाला मोठे परकीय चलन मिळवून दिले. पण त्यांच्या सांडपाण्याने पालार नदी आणि परिसरातील शेती नासली, पिण्याचे पाणी बिघडले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उद्योग हवेत, रोजगार हवा. पण निसर्गाची हानी करण्याचा हक्क कोणालाही नाही. 'प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. तोवर नफा कारखानदारांचा होता आणि त्याची किंमत शेतकरी मोजत होता.

३. तोटाच होतो का?

दरवेळी नाही. अमेरिकेतील रे अँडरसन यांची 'इंटरफेस' ही कंपनी तुकड्यातुकड्यांचे गालिचे बनवते. त्यासाठी लागणारा नायलॉन खनिज तेलापासून तयार होतो. १९९४ साली ग्राहक विचारू लागले, "पर्यावरणासाठी तुम्ही काय करता?" अँडरसन यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी कामाची पद्धतच बदलायला घेतली. कचरा कमी केला, जुन्या मालाचा पुन्हा वापर सुरू केला. कचऱ्यात वाचलेल्या पैशातूनच बदलाचा खर्च निघाला, असे ते सांगत.

तरीही प्रत्येक सुधारणा पैसे वाचवतेच असे नाही. शुद्धीकरण यंत्रणा बसवायला आणि रोज चालवायला खर्च येतो. लहान कारखानदाराला तो एकट्याने झेपत नाही. तेव्हा अनेकांनी मिळून सामायिक केंद्र उभारणे हा मार्ग आहे. तो खर्च धंद्याच्या हिशेबात पहिल्यापासूनच धरला पाहिजे.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या परिपत्रकात नफ्याचे योग्य स्थान मान्य केले. मात्र नफा हा उद्योगाचा एकमेव निकष नव्हे, असेही बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी'मध्ये शिकवले की, निसर्ग वापरण्याची किंमत वापरणाऱ्यानेच भरावी. ती इतरांवर किंवा पुढच्या पिढ्यांवर ढकलू नये.

जक्कयाची गोष्ट आठवा (लूक १९:१-१०). त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. दान वेगळे आणि भरपाई वेगळी, हे त्याला उमगले होते. कंपनीचे दोन टक्के हे दान झाले; उरलेला नफा कसा मिळवला, हा प्रश्न न्यायाचा आहे.

विचारविनिमयासाठी प्रश्न

१. आपण काम करतो तेथील सांडपाणी आणि कचरा कोठे जातो?
२. खोट्या अहवालावर सही करण्याची वेळ एखाद्या सहकाऱ्यावर आली, तर आपण त्याच्या पाठीशी कसे उभे राहू?
३. स्वस्त वस्तू घेताना तिची उरलेली किंमत कोण मोजतो, हे आपण कधी विचारतो का?